‘उत्साहात साजरा’ : प्राथमिक शाळेच्या मासिक उपक्रमांविषयी

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते आणि त्याच दिवशी उपक्रमांचे वर्षही सुरू होते. नव्या मुलांचे स्वागत, २१ जूनचा योगदिन, जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वृक्षदिंडी, पंधरा ऑगस्ट, पाच सप्टेंबर, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आणि बालदिन, २२ डिसेंबरचा गणित दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, प्रजासत्ताक दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, मार्चमध्ये जलदिन. एप्रिल परीक्षांचा. प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल लिहायचा, छायाचित्रे काढायची, ती केंद्रप्रमुखांकडे पाठवायची आणि महिन्याअखेरीस सारे एकत्र करून ‘मासिक उपक्रम’ या मथळ्याखाली फलकावर लावायचे, असा हा रिवाज आहे.

विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षण आणि विज्ञान दिनाची व्याख्याने या निमित्ताने आम्हांला अनेक शाळांत जावे लागते. गेल्या काही वर्षांत आम्ही हे मासिक अहवाल बारकाईने वाचू लागलो. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते; मग लाखो मुलांच्या वर्षातला इतका वेळ ज्यावर खर्च होतो त्या उपक्रमांचे का होऊ नये, असे आम्हांला वाटले. पुढील लिखाण हे त्या वाचनाचे फलित आहे. त्यात टीका आहे, पण ती शिक्षकांवर नाही. दोन शिक्षक, चार इयत्ता, आहाराच्या नोंदी, निरनिराळ्या ऑनलाइन माहित्या आणि वर हे उपक्रम, अशा स्थितीत जो शिक्षक काम करतो त्याला उपदेश करण्याचा अधिकार प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाला नाही. ज्या साच्यात हे उपक्रम बसवले जातात त्या साच्याविषयी मात्र बोलले पाहिजे.

प्रथम भाषा पाहा. ‘मोठ्या उत्साहात साजरा करण्यात आला’ हे वाक्य नाही असा अहवाल आमच्या पाहण्यात नाही. त्यानंतर अध्यक्षस्थानी कोण होते, प्रतिमापूजन कोणी केले, प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभार कोणी मानले हे येते. आणि शेवटी, ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ शाळेच्या अहवालात विद्यार्थी उपस्थित होते ही बातमी कशी असू शकते? पण ही केवळ लिहिण्याची लकब नाही. अहवाल प्रामाणिक आहे. त्या कार्यक्रमात मुलांनी खरोखरच तेवढेच केलेले असते. ती उपस्थित होती. ज्या वाक्याचा कर्ता मूल आहे आणि ज्याचे क्रियापद ‘मोजले’, ‘पाहिले’, ‘विचारले’, ‘चुकले’, ‘पुन्हा करून बघितले’ असे काही आहे, ते वाक्य या कागदांत शोधूनही सापडत नाही.

येथे एक भेद करायला हवा. सावित्रीबाईंची जयंती, स्वातंत्र्यदिन, बालदिन हे स्मरणाचे दिवस आहेत. स्मरण हे समूहाने, ठरलेल्या रीतीने, गाण्याबजावण्यासह करायचे असते. तेथे भाषण आणि प्रभातफेरी शोभतात, आणि वाडीवस्तीवरच्या शाळेत गाव एकत्र येण्याचा तोच एक प्रसंग असतो. त्याला आमचा विरोध नाही. तक्रार आहे ती त्या दिवसांविषयी ज्यांचा विषय निसर्ग, गणित किंवा विज्ञान आहे आणि तरीही ज्यांना जयंतीचाच विधी लावला जातो. झाडाची जयंती, पाण्याची जयंती, पक्ष्यांची जयंती.

वृक्षारोपण घ्या. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा शाळांच्या वाट्याला आला आहे. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. त्यातील काही वाटा प्रत्येक शाळेकडे आला. अहवालात रोपांची संख्या येते, पाहुण्यांची नावे येतात, खड्ड्याभोवती उभ्या दहा मोठ्या माणसांच्या मधून डोकावणारे एक मूल छायाचित्रात येते. पुढल्या जुलैत पुन्हा संख्या येते. गेल्या वर्षीच्या रोपांपैकी किती जगली हा रकाना आम्हांला एकाही नमुन्यात दिसला नाही. एके ठिकाणी तर मुलांनीच आम्हांला सांगितले की यंदाचे खड्डे गेल्या वर्षीचेच आहेत, त्यामुळे खणायला सोपे जाते. मुले हे हसत सांगत होती. त्या हसण्यात त्यांनी काय शिकून घेतले होते, याचा विचार केला म्हणजे उपक्रमाचे खरे मूल्यमापन होते.

आता याच उपक्रमात एक रकाना वाढवून पाहा. समजा, जुलैत २० रोपे लावली आणि प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी बांधली. ऑक्टोबरात मुलांनी मोजली, १७ निघाली. जानेवारीत १५, एप्रिलमध्ये ६. चौथीच्या मुलांना हा आलेख चौकटीच्या वहीत काढता येतो. त्यावरून प्रश्न आपोआप उभा राहतो : जुलै ते ऑक्टोबर ३ का गेली आणि जानेवारी ते एप्रिल ९ का गेली? पहिल्या वेळी पाणी तर भरपूर होते. मग शेळी? साचलेले पाणी? दुसऱ्या वेळी कुंपणाजवळची गेली की हातपंपाजवळची? क्रमांक असल्याने हे शोधता येते. यात भागाकार आहे, नकाशा आहे, कारणाचा शोध आहे, आणि पुढल्या जुलैत कोठे व काय लावावे याचा निर्णयही आहे. त्या निर्णयाच्या वेळी ग्रामपंचायतीपुढे चौथीच्या मुलांकडे आकडे असतील आणि मोठ्यांकडे नसतील. शाळेने हे एकदा करून पाहण्यासारखे आहे. खर्च पट्ट्यांचा.

आमचा मुख्य मुद्दा मात्र सावलीचा आहे. तो जरा सविस्तर मांडतो, कारण मासिक उपक्रमांच्या वेळापत्रकात एक मोठी संधी योगायोगाने दडलेली आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

योगदिन २१ जूनला असतो. तो उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस. गणित दिन, म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबरला असतो. सर्वांत लहान दिवस त्याच्याच आगेमागे येतो. जलदिन २२ मार्चला, विषुवदिनाला लागून. वसुंधरा दिन २२ एप्रिलला. म्हणजे सूर्याच्या वर्षातील कळीच्या तारखांना शाळेत मुले आधीच मैदानात जमलेली असतात, हजेरी झालेली असते, पाहुणे यायचे असतात. फक्त मैदानात एक काठी नसते.

एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. महिन्याच्या २१ तारखेला, ढग असतील तर पुढच्या उघड्या दिवशी, दुपारी तिची सर्वांत लहान सावली मोजा. पुण्याच्या अक्षांशावर काय दिसेल ते सांगतो. सप्टेंबरच्या विषुवदिनी सावली सुमारे ३३ सेंटिमीटर, उत्तरेकडे. ऑक्टोबरात ५६, नोव्हेंबरात ७९, २२ डिसेंबरला ९०. मग परतीचा प्रवास : जानेवारीत पुन्हा ७९ च्या आसपास, फेब्रुवारीत ५६, मार्चमध्ये ३३, एप्रिलमध्ये १२. जानेवारीचा आकडा नोव्हेंबरच्या आकड्याशी आणि फेब्रुवारीचा ऑक्टोबरशी जुळतो हे मुलांना कोणी सांगायचे नाही. भिंतीवरच्या तक्त्यात ते त्यांना दिसेल, आणि ज्या मुलाला ते प्रथम दिसेल ते ओरडेल. नागपूर अधिक उत्तरेला असल्याने तेथे डिसेंबरातील सावली जवळजवळ काठीएवढीच, ९९ सेंटिमीटर भरते; कोल्हापुरात ती ८४ च आहे. दोन गावांतील शाळांनी एकमेकींना पोस्टकार्डाने आकडे कळवले तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा चौथीच्या मुलांच्या हाती येतो. एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये दोन शहरांतील मध्यान्हीच्या सूर्याची तुलना करून पृथ्वीचा परीघ काढला, तो याच तत्त्वावर.

आणि जून? येथे गंमत आहे. मुलांना सर्रास सांगितले जाते की दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. तो बाराला येत नाही आणि बहुतेक दिवशी डोक्यावरही येत नाही. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आहे आणि महाराष्ट्राचा बराच भाग त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. त्यामुळे पुण्यात खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२ वाजून १८ मिनिटांनी होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२ वाजून ४९ मिनिटांनी. ही दुपारच्या खिचडीची वेळ आहे; पंगत बसण्याआधी दहा मिनिटे काढली की काम होते. डोक्यावर म्हणाल तर सूर्य नेमका डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. कोल्हापुरात साधारण ७ मे आणि ६ ऑगस्ट, पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला पुण्यात ती सुमारे साडेआठ सेंटिमीटर दक्षिणेकडे असते.

म्हणजे शाळा उघडते तेव्हा सावली ‘उलटी’ असते आणि श्रावणाच्या सुमारास ती पलटते. पर्जन्यछायेतील एका तालुक्यात, जेथे जुलैतही मधूनमधून ऊन पडते, एका शिक्षकाने मैदानात अशी काठी रोवली होती. जुलैच्या मध्यात मुलांनी सावलीच्या टोकाशी दगड ठेवला. मग ढगांमुळे बरेच दिवस मोजणी झाली नाही. ऑगस्टअखेरीस ऊन पडले तेव्हा सावली काठीच्या दुसऱ्या अंगाला, चांगली अर्धा फूट पडली होती. तिसरीच्या मुलांचे ठाम मत झाले की चौथीच्यांनी दगड हलवला. भांडण शिक्षकांकडे गेले. शिक्षकांनी निवाडा केला नाही. पुढच्या वर्षी दगडाऐवजी खिळा ठोकू, एवढेच म्हणाले. आणि पुढच्या वर्षी तिसरीची मुले चौथीत गेली, खिळा ठोकला गेला, आणि सावली पुन्हा पलटली. खिळा कोणी हलवला नव्हता हे नक्की होते. मग काय हलले? आम्ही त्या शाळेत गेलो तेव्हा एका मुलीने आम्हांला हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर सांगायला लागताच थांबवून म्हणाली, ‘‘थांबा सर, मला आधी सांगू द्या.’’ तिचे उत्तर अर्धे बरोबर होते. त्या महिन्याच्या अहवालात या काठीचा उल्लेख नव्हता. त्यात क्रांतिदिन, रक्षाबंधन आणि एका स्पर्धेतील तिसरा क्रमांक होता. शिक्षकांना विचारले तर ते म्हणाले, ‘‘याचा नमुनाच नाही हो. आणि फोटोत काय दाखवणार, काठी?’’

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले आहे. ज्याचे छायाचित्र काढता येते तेच उपक्रम म्हणून टिकते, आणि निरीक्षणाचे छायाचित्र निघत नाही. निरीक्षण दिवसाचे नसते, वर्षाचे असते. महिन्यांच्या कप्प्यांत बांधलेल्या कार्यक्रमाची मूळ अडचण हीच आहे : जुलैचे जुलैला संपते, ऑगस्टचे ऑगस्टला. एका महिन्यातून पुढल्या महिन्यात नेण्यासारखे काहीही उरत नाही. शाळेचे वर्ष ही दिवसांची माळ होते, पण तिच्यात दोरा नसतो.

संक्रांतीचे उदाहरण पुष्कळ बोलके आहे. जानेवारीत ‘आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो’ असे परिपाठात सांगितले जाते. दिवस मोठा व्हायला २२ डिसेंबरपासूनच सुरुवात झालेली असते. १४ जानेवारीपर्यंत तो आपल्याकडे सहा-सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. पृथ्वीच्या अक्षाची दिशा फार सावकाश फिरते, म्हणून उत्तरायण आणि मकरसंक्रमण या दोन गोष्टी शतकानुशतके एकमेकींपासून दूर सरकत गेल्या आहेत. पण खेड्यातील मूल याहून वेगळीच हरकत घेऊ शकेल : ‘‘गुरुजी, दिवस मोठा होतोय तर सकाळी अजून अंधार का?’’ हरकत रास्त आहे. सूर्योदय जानेवारीच्या मध्याच्या सुमारास सर्वांत उशिरा होतो आणि सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. डिसेंबर-जानेवारीत दिवस संध्याकाळच्या बाजूने वाढत असतो. याचे कारण, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने खरी मध्यान्हच रोज काही सेकंदांनी पुढे सरकते, हे चौथीला समजावण्याची गरज नाही. पण सूर्यास्ताची वेळ आठवड्यातून एकदा नोंदवणाऱ्या मुलाला वाक्य आणि आकडे यांतली विसंगती पकडता येईल. तिळगूळ खाऊनही ती पकडता येते.

पावसाकडे वळू. आपल्या शाळेच्या वर्षाचे पहिले चार महिने पाऊस पडतो, आणि शाळेतील पावसाचे उपक्रम म्हणजे पावसाच्या कविता आणि छत्रीचे चित्र. दोन्ही असावेत. पण पर्जन्यमापक हे सर्व वैज्ञानिक उपकरणांत बहुधा सर्वांत स्वस्त आहे. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवावा, तळाच्या वेड्यावाकड्या भागात खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरावे आणि तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. कापलेल्या ठिकाणी आणि पट्टीच्या जागी बाटलीचा व्यास सारखा हवा, एवढी एकच खबरदारी. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचा मोजते. शाळेने आपली वेळ ठरवावी, पण ती रोज तीच असावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद छपराच्या शाळेवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ३०० लिटर पाणी खाली आले. ते कोठे गेले? मार्चच्या जलदिनी ‘पाणी वाचवा’ अशी फेरी निघते तेव्हा मुलांकडे जून ते सप्टेंबरचा बेरजेचा आकडा असेल तर त्या घोषणेला काही अर्थ येईल. आणि कदाचित मुले फेरी न काढता सरपंचांकडे पन्हळ मागायला जातील.

विज्ञान दिनाविषयी लिहिताना आमच्या व्यवसायबंधूंनाही सोडता येत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कृष्णन यांच्यासह प्रकाशाच्या विकिरणाचा जो नवा प्रकार शोधला त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस पाळला जातो. त्या दिवशी आमच्यासारखी मंडळी शाळाशाळांतून जातात आणि सतरंजीवर बसलेल्या पहिली ते चौथीच्या मुलांना तासभर रामन परिणाम समजावतात. मुले टाळ्या वाजवतात, कारण भाषण संपलेले असते. बहुतेक भाषणांत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते : आकाश निळे का, समुद्र निळा का, आणि रामन परिणाम. आकाशाची निळाई रॅलीने एकोणिसाव्या शतकातच समजावली होती. रामन यांनी १९२१ साली युरोपातून परतताना बोटीवर एका साध्या प्रकाशीय लोलकाने परावर्तित प्रकाश अडवून दाखवले की समुद्राची निळाई ही नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे. पाणी स्वतः तांबडा प्रकाश किंचित शोषते हा त्यातील मोठा भाग आज आपल्याला माहीत आहे. आणि रामन परिणाम म्हणजे विखुरताना प्रकाशाच्या अत्यल्प अंशाचा रंगच बदलणे. तो शाळेच्या ओसरीत दाखवता येत नाही.

दाखवता येते ते वेगळे. काचेच्या उंच बरणीत पाणी, त्यात दुधाचे चार-दोन थेंब, खोलीत अंधार आणि एक विजेरी. बाजूने पाहिले तर पाणी निळसर आणि समोरून, पाण्यातून विजेरीकडे पाहिले तर दिवा पिवळसर तांबूस. हा रामन परिणाम नव्हे, हे स्पष्ट सांगावे. पण मुलांना दुधाचे थेंब वाढवू द्यावेत, किती थेंबांनंतर निळेपण जाऊन नुसते पांढरे होते ते मोजू द्यावे. तेवढ्यात तास संपेल आणि पाहुण्यांचे भाषण राहून जाईल. रामन यांचे स्मरण तरी झाले, कारण १९२८ च्या त्या प्रयोगात प्रकाशाचा उगम सूर्य होता, रंगीत गाळण्या होत्या आणि पाहणारा डोळा होता.

प्रदर्शनातील ज्वालामुखीबद्दल थोडे. कागदाच्या लगद्याचा शंकू, त्यात खाण्याचा सोडा, वरून लाल रंगाचे व्हिनेगर. फेस उतू जातो आणि परीक्षक गुण देतात. आम्ही हे मॉडेल किती वेळा पाहिले याची गणतीच नाही. ज्या मैदानात ते मांडलेले असते ते मैदान, शाळेचा पाया, कंपाउंडचे दगड हे सारे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खरोखरच्या लाव्हाचे असते, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. हा लाव्हा बहुतांशी शंकूतून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या हे तेच थर. काळ्या दगडात बारीक छिद्रे दिसतात ते वायूचे बुडबुडे. त्यांत नंतर भरलेले पांढरे स्फटिक आणि गारगोटी मुलांच्या खिशात असतात. आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात आम्ल आणि सोड्याची क्रिया होत नाही. दाब कमी झाला की वितळलेल्या खडकात विरघळलेली पाण्याची वाफ आणि इतर वायू सुटतात. त्याचे अधिक खरे प्रात्यक्षिक म्हणजे हलवून उघडलेली सोडावॉटरची बाटली. खिशातल्या गारगोटीला प्रदर्शनात जागा नाही आणि व्हिनेगरला पहिला क्रमांक आहे, ही परीक्षकांची निवड आहे. मुलांची नव्हे.

या सगळ्याला उत्तर म्हणून आम्हांला पुष्कळदा सांगण्यात येते की हे प्राथमिक शाळेत जमणार नाही. जमलेले आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ माध्यमिक-पूर्व शाळांत सुरू झाला आणि पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरून २००२ पर्यंत चालला. त्यात मुले प्रयोग स्वतः करीत, निष्कर्ष स्वतः लिहीत आणि परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवून करीत. तो बंद पडला तो शासकीय निर्णयाने. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांमागे शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेत निसर्ग हा विषय वेगळा काढावा लागला नाही. या दोन्ही प्रयत्नांत मोठा खर्च नव्हता, पण एक गोष्ट होती : शिक्षकाने काय करावे हे ठरवण्याची मुभा शिक्षकाला होती. उपक्रमांची यादी वरून येते तेव्हा प्रथम तीच मुभा जाते. परिपत्रकात लिहिलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर एक कोरा दिवसही पाठवला असता तर बरे झाले असते.

पुढील सूचना मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्यासाठी आहे, कारण ती त्यांच्या हातात आहे. मासिक अहवालाच्या नमुन्यात ‘मुलांनी या महिन्यात काय मोजले?’ असा एक रकाना घालावा. रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा, त्याचा जाब विचारू नये. जाब विचारला की आकडे घरी बसून तयार होतील आणि रोग वाढेल. आकडे चुकीचे वाटले तरी खोडू नयेत. ज्या शाळेचा पट पंधरा-वीस आहे तेथे हे अधिक सोपे आहे, कारण तिसरीचे मूल पुढल्या वर्षी चौथीत त्याच काठीशी, त्याच शिक्षकांबरोबर असते.

मे महिन्याची अडचण राहते. सावली नाहीशी होण्याचा पहिला दिवस सुट्टीत येतो आणि दुसरा पावसात. पहिल्या दिवसासाठी शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांना एप्रिलअखेरीस तारीख आणि वेळ सांगून ठेवावी. पुण्याच्या आसपास मेच्या मध्याला ही वेळ सुमारे १२ वाजून ३१ मिनिटांची. पूर्वेकडील गावांत दर अंश रेखांशाला ४ मिनिटे लवकर. काठी उन्हाने वाकते किंवा कोणी चुलीला नेते, म्हणून लोखंडी नळीचा तुकडा बरा. नळी नसेल तर झेंड्याचा खांब आहेच, फक्त तो ओळंब्यात आहे की नाही हे आधी तपासून घ्यावे. आम्ही पाहिलेले बरेच खांब कललेले होते.